दसऱ्याला स्कूटर कुठे होती

१

बाबांच्या खिशातल्या वस्तू यादवने एका रुमालात बांधून आणल्या होत्या. चष्मा, पाकीट, शाईचं पेन, परतीचं तिकीट. आईने रुमाल सोडला, एकेक वस्तू बाजूला ठेवली आणि रिकामा रुमाल झटकला.

"किल्ली कुठे आहे?" तिने विचारलं.

स्कूटरची किल्ली त्यात नव्हती. किल्लीपेक्षा तिच्या कडीत अडकवलेलं पिंपळपान आईला हवं होतं. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा विकत आणून, ओट्यावर बसून, कानशीने घासून ते पान केलं होतं. शिरांसकट. स्कूटरसाठी त्यांनी इतकी वर्षं नंबर लावला होता की गाडी येईपर्यंत नोकरी संपली. मग निदान पान तरी तिच्या तोलाचं हवं, असं ते म्हणायचे.

यादव हा माझा आतेभाऊ, मनमाडला रेल्वेत नोकरीला. आत्या आजारी म्हणून बाबा तिला भेटायला मनमाडला गेले आणि त्याच रात्री अंगावरून वारं जाऊन त्यांची वाचा बसली. तार मिळून आम्ही पोहोचलो तेव्हा ते बेशुद्ध होते. दसऱ्याच्या दिवशी गेले. पहिल्या रात्री त्यांच्यापाशी एकटा यादव होता.

"किल्ली नव्हतीच, मामी," यादव म्हणाला.

आईने वस्तू पुन्हा रुमालात बांधल्या. तो गेल्यावर मात्र तिने मला सांगितलं, विहारातल्या शोकसभेला मनमाडकरांना बोलवायचं नाही. मरणाऱ्या माणसाचे खिसे ज्याने चाचपले, त्याच्या हातचं फूल फोटोला नको.

आत्या बाबांची एकुलती एक बहीण. तिच्या मुलाला दारातून परत पाठवायचं म्हणजे काय, हे आईलाही कळत होतं. पण ते पान गेल्यापासून तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

२

कोजागिरी होऊन गेली होती. घरातली दुसरी किल्ली घेऊन मी स्कूटर आणायला गेले. नाशिकरोड स्टेशनसमोर एका खाजगी जागेत पत्र्याच्या शेडखाली सायकल-स्कूटरचा स्टँड होता. मालक रंगनाथशेठ निफाडकडचे, पांढरी टोपी, हसरा चेहरा. बाबांचं कळल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मग आकडा सांगितला.

तो ऐकून मी पुन्हा विचारलं. दर दिवसाचं भाडं मला ठाऊक होतं. हे त्याच्या कितीतरी पट होतं. शेठने शांतपणे समजावलं. गाडी इतके दिवस न्यायला कोणी आलं नाही की ती बेवारस धरली जाते. मग भाडं दुप्पट, शिवाय राखणीचा दंड वेगळा. दिवाळीपर्यंत पैसे नाही भरले तर ते गाडी विकून वसूल करणार. बोर्डावर तसं लिहिलेलं होतं, खालच्या ओळीत, बारीक अक्षरात. वरच्या ओळीत ठळक अक्षरात होतं : रात्रंदिवस पहारा.

"माणूस गेला, ताई, त्याचं वाईट वाटतं," शेठ म्हणाले. "पण तुमची वस्तू मी पोटच्या पोरासारखी सांभाळली. साहेब लावून गेले तिथून हललेली नाही. हात लावला नाही कुणी."

त्यांच्या स्टँडवरचा माणूस, पुंजा, मला गाडीपाशी घेऊन गेला. चाळिशीचा, हडकुळा, पेठकडच्या डोंगरातला. मी बाबांची मुलगी हे त्याने शेठच्या बोलण्यातून नुकतंच ऐकलं होतं. त्याने दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. साखळीच्या कुलपाला त्याने आधी भलतीच किल्ली लावली.

बाबांची स्कूटर धुळीने करडी झाली होती. मी पदराने समोरचा दिवा पुसला आणि थांबले.

दिव्याखाली कुंकवाचं बोट होतं. शेजारी हळदीचं. हँडलच्या खोबणीत सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि वाळकं गवत अडकलं होतं.

आमचं घर बौद्ध; किल्लीचं पिंपळपान म्हणजे बोधिवृक्षाचंच पान. बाबा दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जायचे. गाडीला हार, मशीनला कुंकू हे त्यांनी कारखान्यातही कधी केलं नाही. आणि त्या दसऱ्याला तर ते मनमाडला शेवटचे श्वास घेत होते.

मग गाडीची पूजा केली कोणी?

३

मी पैसे भरले नाहीत. शेठला एवढंच सांगितलं, की हिशेब मला पटलेला नाही, विचार करून येते. कुंकवाचं बोलले नाही. लहानपणापासून रहस्यकथा वाचून मला एक सवय लागली आहे : दिसलेली गोष्ट लगेच बोलायची नाही. हँडलमधला कचरा मात्र मी रुमालात काढून घेतला.

स्टँडच्या भिंतीला लागून भिकन मिस्त्रीचं गॅरेज होतं. बाबांची गाडी तोच दुरुस्त करायचा. मालेगावकडचा माणूस, बोलताना त्याची अहिराणी मधूनच डोकवायची. त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं, चहा मागवला आणि बाबांच्या चार आठवणी सांगितल्या. मग मी विचारलं, की पंधरवडाभर उभ्या असलेल्या गाडीची अवस्था काय होते?

"हवा उतरते. किकला दाद देत नाही," तो म्हणाला. मग त्याने रस्त्याकडे बघितलं. "तुमची तशी नाही दिसत."

"मग ती कुठे फिरली?"

"मी काय सांगू, ताई? मनं दुकान त्यानाच भिंतले टेकेल शे." शेठच्या भिंतीला टेकलेल्या माणसाने शेठविरुद्ध काय बोलायचं, असा त्याचा अर्थ. पण उठताना तो म्हणाला, "मागचं ज्यादा चाक बघा. त्याच्या सांगाड्याला काहीतरी बांधेल शे. मी नाही बांधलं."

मी परत जाऊन पाहिलं. ज्यादा चाकाच्या लोखंडी सांगाड्याला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती. दोन्ही बाजूंना गाठी मारून, पट्टीची टोकं मागच्या सीटच्या उंचीवर मोकळी सोडलेली. सामान बांधायला कोणी इतकं मऊ कापड घेत नाही.

मी वळले तर पुंजा माझ्याकडे पाहत उभा होता. नजरानजर होताच तो सायकली सारख्या करायला लागला. त्या आधीच सरळ होत्या.

४

रविवारी मी आईला न सांगता मनमाडला गेले. यादव सायडिंगजवळच्या क्वार्टरमध्ये राहत होता. आत्या अजून अंथरुणावरच होती. ती झोपल्यावर आम्ही बाहेर ओट्यावर बसलो.

त्याला राग आला होता आणि तो त्याने लपवला नाही. मामाने त्याला शिकवलं, मामाने अर्ज लिहून दिला म्हणून नोकरी लागली. त्या मामाच्या किल्लीला तो हात लावेल, असं मामीला वाटलंच कसं? आणि किल्ली घेऊन करायचं काय? गाडी नाशिकरोडला, तो मनमाडला.

ते खरं होतं. पण संशयाला असला हिशेब लागत नाही. मी त्याला त्या रात्रीचं सगळं सांगायला लावलं.

बाबा संध्याकाळी आले. सदरा काढून खुंटीला टांगायला यादवकडे दिला. तेव्हाच त्याने खिशातल्या वस्तू फळीवर काढून ठेवल्या, कारण सदरा धुवायचा होता. तेव्हा बाबा ठणठणीत होते, समोर बसून हसत होते. किल्ली त्या वस्तूंत नव्हती आणि बाबांनीही ती शोधली नाही.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. बाबा विसरभोळे नव्हते. किल्ली हरवली असती तर त्यांनी घर उलटंपालटं केलं असतं. शोधली नाही, म्हणजे ती कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"आणखी एक आहे," यादव म्हणाला. "वाचा गेल्यावर ते रात्रभर उजवी मूठ अशी फिरवत होते." त्याने मूठ आवळून मनगट पुढे-मागे वळवलं. "मला वाटलं खिडकीची कडी काढ म्हणतायत. मी खिडकी उघडली. मग बंद केली. पुन्हा उघडली. ते माझ्याकडे बघत राहिले, मालनताई. मला शेवटपर्यंत कळलं नाही त्यांना काय पाहिजे होतं."

तो रडला नाही. पण त्याने पुन्हा मूठ फिरवली आणि मला ती हालचाल ओळखीची वाटली. स्कूटरला गती देताना हँडल असंच वळवतात.

परतीच्या गाडीत मी मनाशी जुळवत होते. बाबा घरून स्कूटरवर निघाले, स्टँडवर आले, मनमाडची गाडी पकडली. किल्ली त्यांच्याकडून सुटली ती स्टँड आणि फलाट यांच्यामध्ये. चोरीला गेली नाही, त्यांनी स्वतः दिली. पण कोणाला? शेठला, मिस्त्रीला की आणखी कोणाला?

५

घरी येऊन मी रुमाल सोडला. झेंडूच्या पाकळ्या, दोऱ्याचा तुकडा आणि ते वाळकं गवत. शेडमध्ये चिमण्या होत्या, त्यांच्या घरट्यातलं असेल असं मी धरून चालले होते. आता दिव्याखाली धरलं तर काडीच्या टोकाला टरफलं लोंबत होती. एका टरफलात दाणा होता. मी तो नखाने सोलला.

तांदूळ.

ते गवत नव्हतं. भाताची लोंबी होती.

माझी पहिली नोकरी पेठच्या शाळेतली. दोन वर्षं मी तिथे मुलांना शिकवलं. तिकडे हळवा, म्हणजे लवकर येणारा भात दसऱ्यापर्यंत पिकतो. नवं धान्य तोंडात घालण्याआधी डोंगरातली माणसं त्याच्या लोंब्या झेंडूच्या माळेत गुंफून दाराला, नांगराला, विळ्याला बांधतात. ज्याने वर्षभर साथ दिली त्याला नव्या दाण्यातला पहिला वाटा. माझ्या वर्गाच्या दारालाही मुलांनी तशी माळ लावली होती. निफाडकडे द्राक्षं आणि गहू. शेठच्या फटफटीवरचा हार मी पाहिला होता : सुतळीत ओवलेला जाडजूड झेंडू आणि आंब्याची पानं, स्टेशनबाहेरच्या फुलवालीकडचा. मालेगावचा भिकन लिंबू कापतो आणि पान्यांवर कुंकू टाकतो, तेही मी त्याच्या भिंतीवर पाहिलं होतं. दोघांच्याही मुलखात भाताचं शेत नाही.

स्टँडवर एकच माणूस असा होता, ज्याच्या दसऱ्याला भाताची लोंबी लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ जेवायला गेल्यावर मी स्टँडवर गेले. पुंजा मला बघून उभा राहिला. पळून जाईल असं क्षणभर वाटलं. मी त्याला काहीही विचारू शकले असते. किल्ली कुठे आहे, गाडी का नेलीस. पण मला ती लुगड्याची पट्टी आठवली. नीट बसता न येणाऱ्या माणसाला सीटवर धरून ठेवण्यासाठीच कोणी तशी पट्टी बांधेल, आणि ती लुगड्याची, म्हणजे बहुधा बाईमाणूस.

"पुंजाभाऊ," मी म्हटलं, "मागे जिला बसवून नेलं ती आता बरी आहे का?"

तो खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरून.

६

त्याची मुलगी चिमणा बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या सकाळी गावचा माणूस निरोप घेऊन स्टँडवर आला. पोरगी अडली होती, सुईणीने हात टेकले होते. पेठची एसटी दुपारी होती. पुंजा शेठकडे रजा मागायला गेला. शेठ म्हणाले, दुपारी जा, आता गिऱ्हाईकांची वेळ आहे. तेव्हा बाबा स्कूटर लावत होते.

"सायबानं निरोप ऐकला होता," पुंजा म्हणाला. "मला बोलला, तुला येते ना चालवायला? मी बोललो, रोज हिकडून तिकडं सारतो ना, सायब. त्यानं किल्ली हातात दिली. बोलला, जा. शेठला नको सांगू, उगा कटकट करंल. मी मनमाडवरनं आलो की माझ्या हातात दे."

सावळघाट चढून तो गावाला पोहोचला. बायकोने मुलीला मागून धरलं, लुगडं फाडून पट्ट्या केल्या, आणि तिघं सरकारी दवाखान्यात गेली. मुलगी जगली. तिला मुलगी झाली. मग दसरा आला. दारात नांगर होता, विळा होता आणि स्कूटर होती.

"तिला कशी सोडू, बाई? तिनंच तर पोर आणली." तो थांबला. "तुमच्यात नाय करत, ठावं हाय मला. सायबाच्या किल्लीला पान हाय ना ते. पण हात रायला नाय."

दसरा झाल्यावर त्याने गाडी परत आणली. बाबांच्याच जागेवर लावली. गेली तेव्हाही कोणाला कळलं नव्हतं, आली तेव्हाही कळलं नाही. शेठच्या स्टँडवर गाड्या कोणी मोजत नाही. पावतीचा अर्धा तुकडा खिळ्याला टोचलेला असतो, तो तिथे आहे तोवर गाडी आहे असं धरतात. मग पुंजा बाबांची वाट बघत बसला. मी येऊन सांगेपर्यंत.

कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली त्याने सोडली. पिंपळपान घामाने काळपट झालं होतं. मी हात पुढे केला. त्याने मूठ उघडली नाही.

"त्याच्या हातात दे बोलला होता," तो म्हणाला. "आता कुणाच्या हातात देऊ?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला. मी म्हटलं, ठेवा आपल्यापाशी. रविवारी विहारात शोकसभा आहे, तिथे या.

पण शेठचा हिशेब अजून बाकी होता. गाडी तिथे नव्हती हे सिद्ध करायचं, तर ती कोणी नेली हेही बाहेर येणार. पुंजाची नोकरी बुडवून दंड वाचवायचा, तर बाबांनी किल्ली दिली कशाला?

७

रंगनाथशेठ जेवून आले तेव्हा मी स्कूटरपाशी उभी होते. त्यांना मी दिव्याखालचं कुंकू दाखवलं.

"दसऱ्याची पूजा आहे ही. तुमच्या माणसांनी केली का?"

"छे. दुसऱ्याच्या वस्तूला आम्ही हात लावत नाही. साखळीला आणि बोर्डाला हार घालतो. तुमच्या वडलांनीच केली असेल."

"ते नवरात्रात गाडी लावून गेले. दसऱ्याला मनमाडला वारले. आणि आमच्यात ही पूजा नसते."

शेठने टोपी मागे सारली. "मग?"

"तुम्ही म्हणालात, गाडी हलली नाही आणि कोणी हात लावला नाही. तसं असेल तर हे कुंकू इथे असायला नको. कुंकू तर आहे. म्हणजे दसऱ्याला गाडी तुमच्या स्टँडवर नव्हती. जी गाडी इथे नव्हती, तिचं भाडं कसलं आणि राखणीचा दंड कसला?"

त्यांनी वाकून कुंकू पाहिलं, बोटाने खरवडून पाहिलं. हसरा चेहरा तसाच राहिला, पण डोळे शेडभर फिरले आणि पुंजावर येऊन थांबले. नवरात्रात कोण न सांगता गैरहजर होतं, हे त्यांना आठवलं असावं. पुंजा जागेवरून हलला नाही.

"कोणी नेली ते मला कळलंच पाहिजे," शेठ हळूच म्हणाले.

"माझ्या वडलांनी ज्याला किल्ली दिली त्याने. गाडी त्यांची होती, मर्जी त्यांची होती. चोरी झालेली नाही, माझी तक्रारही नाही. पण तुम्ही दंडासाठी भांडलात तर मलाही तक्रार करावी लागेल. मग मला सांगावं लागेल, की इथून गाडी जाते, कित्येक दिवसांनी परत येते आणि मालकाला पत्ता नसतो." मी वरच्या ओळीकडे पाहिलं. "मग त्या बोर्डाचं काय करणार?"

त्यांनी मान वर करून बोर्ड वाचला.

"बाई, तुम्ही मास्तरीण कशाला झालात?" शेठ शेवटी म्हणाले. "कोर्टात जायचं होतं."

दंड गेला, दुप्पट भाडं गेलं. गाडी जितके दिवस खरोखर उभी होती, तितक्याच दिवसांचं साधं भाडं मी दिलं. ते देणं मी लागतच होते. शेठने मग पुंजाला हाक मारली.

"गाडी बाहेर काढून दे बाईंना," ते म्हणाले. "आणि पुढच्या वेळी कुणाची पोर अडली, तर मला नीट सांगत जा. नुसतं रजा पाहिजे म्हणून उभा राहतोस."

तेव्हा मला कळलं, की त्या सकाळी रजा का हवी हे त्यांनी पुंजाला विचारलंच नव्हतं, आणि नंतर कधीतरी ते त्यांच्या कानावर आलं असावं. की आता अंदाजाने बोलले? ते मी आजवर ठरवू शकलेले नाही.

८

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. किल्ली बाबांनी दिली होती हे ऐकल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मी यादवची ती मूठ करून दाखवली. ती बघत राहिली आणि मग तिने स्वतः मूठ आवळून मनगट वळवलं, एकदा, सावकाश.

"पोचला का ते विचारत होते," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने मला मनमाडला तार करायला पाठवलं. मजकूर तिने सांगितला : शोकसभा रविवारी. यादव, तू आधी ये.

रविवारी विहारात गर्दी होती. कारखान्यातली माणसं आली होती, भिकन मिस्त्री आला होता. पुंजा दाराशी चपलांजवळ बसला होता, त्याला यादव हाताला धरून पुढे घेऊन आला. पुंजाने करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली बाबांच्या फोटोपुढे ठेवली. हात जोडून काहीतरी पुटपुटला. ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बादली आणि फडकं घेतलं. बाबा गेल्यापासून तिने पहिल्यांदाच अंगणातल्या कामाला हात लावला होता. चाकं, सीट, मागचा सांगाडा, सगळं तिने घासून पुसलं. लुगड्याची पट्टी सोडून, धुऊन, पुंजाच्या घरी द्यायला वाळत घातली. गाडी निळी निघाली, नवी घरी आली त्या दिवशी होती तशी.

दिव्याखालचा कुंकवाचा भाग तेवढा धुळकट राहिला होता. मी फडकं घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे ते," आई म्हणाली. "ते आपलं नाही, त्याचं आहे. आपण कशाला पुसायचं?"